फोंड्यातली खोली लॉक-इन संपण्याआधी सोडायची आहे, अनामत बुडेल का?

मंडळी, थोडा कायदेशीर आणि बराचसा व्यावहारिक सल्ला हवा आहे.

कुंडई औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली म्हणून मे महिन्यात फोंड्याला खोली घेतली. मी मूळचा गारगोटीचा, पावसाचं कौतुक मला सांगायला नको. घर डोंगरउतारावर आहे आणि माझी खोली तळमजल्याला, मागच्या अंगाला. पाहिली तेव्हा रंग इतका ताजा होता की वास येत होता. मिरगाचा पाऊस लागला आणि मागची भिंत पाझरू लागली. आता चौकशी केल्यावर कळलं की त्या भिंतीला बाहेरून थेट डोंगराची माती टेकलेली आहे. रंगाचे पोपडे सुटलेत, खाली पांढरा खार फुटलाय, बूट आणि पट्टा हिरवे झालेत. गादी वाळवायची तर ऊन कुठून आणू? सकाळी शिंकांनीच जाग येते.

मालकीणबाई स्वभावाने चांगल्या आहेत. पण भिंतीचा विषय काढला की "जनेल उगडें दवर" एवढंच उत्तर. खिडकी एकच, तीही पुढच्या बाजूला.

करार ११ महिन्यांचा, लीव्ह अँड लायसन्स. भाडं ९,०००, अनामत २७,०००. लॉक-इन सहा महिने, आधी सोडल्यास संपूर्ण अनामत जप्त. मोठी दुरुस्ती मालकाची, किरकोळ माझी. यातून सुटता येईल का? की निमूट दिवाळीपर्यंत काढायचे?

तळटीप:
वर लीव्ह अँड लायसन्स लिहिलं म्हणून तो परवानाच (नुसती राहायची परवानगी, भाडेपट्टा नव्हे) ठरतो असं नाही. कोर्ट कराराचा आशय बघतं, १९५९च्या असोसिएटेड हॉटेल्स खटल्यापासून हेच चालत आलंय. तुमच्या बाबतीत दोन्हीकडून मुद्दा सापडतो. भाडेपट्टा धरला तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८: मालकाला माहीत असलेला आणि भाडेकरूला साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष सांगणं मालकावर बंधनकारक. परवाना धरला तर सुविधाधिकार कायद्याचं कलम ५७: माणसाला किंवा सामानाला धोका होईल असा माहीत असलेला दोष लपवता येत नाही. दोन्ही कायदे १८८२चे. ताजा रंग इथे तुमच्या बाजूने बोलतो.

अनामत जप्तीबद्दल करार कायद्याचं कलम ७४ वाचा. करारात दंडाचा आकडा असला तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि तो आकडा म्हणजे तिची कमाल मर्यादा. अर्थात २७,०००साठी कोर्टाच्या तारखा खाव्यात असं मी म्हणणार नाही. बोलणी करताना हाताशी असू द्या, इतकंच.

चिरेबंदी:
फोंडेकर आहे म्हणून सांगतो. चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची भिंत पाणी पिते. मागे माती असेल तर आतून कितीही भारी वॉटरप्रूफ रंग मारा, पुढच्या पावसात तो पापडासारखा सुटणार. खरा उपाय बाहेरून: माती मागे ओढायची, भिंतीला गिलावा करायचा, पाणी वळवायला गटार काढायचं. हे काम भर पावसात होत नाही. म्हणजे बाई उद्या "करून देते" म्हणाल्या तरी तुमचा हा पावसाळा गेलाच. नोटिशीत हा मुद्दा ठळक घाला.

आणि फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं या दिवसांत खोल्या शोधत फिरतात. बदली भाडेकरू आणून दिलात तर बाईंचं भाडं बुडत नाही आणि अनामत धरून ठेवायला त्यांच्याकडे फारसं कारण उरत नाही.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. बदली भाडेकरूचं मात्र पटत नाही. ओल दाखवली तर कोणी येणार नाही, आणि न दाखवता आणला तर मी तेच केलं जे माझ्याशी झालं. वर मालकीणबाईंच्या मुलाची खोली बंद असते, तो आखातात असतो, चवथीला येतो. ती मागून बघू का?

चिरेबंदी:
मागा की! चवथीचे दिवस तेवढे गावी जाऊन या. वरची कोरडी असणार. त्या नाही म्हणाल्या तर एक महिन्याचं भाडं सोडतो, १८,००० परत द्या, असं म्हणा. इथे बहुतेक जण यावर तडजोड करतात. आधी चहाला बसून बोला, नोटीस नंतर. घरात वयस्क माणूस असेल तर त्याच्यासमोर बोला.

तळटीप:
बोलणं झालं की त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर सगळं लिहून पाठवा, भिंतीच्या तारखेसह फोटोंसकट. उत्तर आलं नाही तर नोटीस स्पीड पोस्टने. भाडं थकवू नका, नाहीतर वादाचा विषयच बदलेल. खोली सोडाल तेव्हा मीटरचं रीडिंग, किल्ल्या दिल्याची सही, आणि पोलीस ठाण्यात भाडेकरू पडताळणीचा फॉर्म दिला असेल तर तिथेही खोली सोडल्याचं कळवा.

धागाकर्ता:
करार इंग्रजीत आहे. नोटीस मराठीत चालेल?

तळटीप:
चालेल. बाईंना वाचता येईल अशी भाषा महत्त्वाची. फक्त कराराचं कलम उद्धृत कराल तिथे इंग्रजी मजकूर आहे तसाच उतरवा.