मदत हवी आहे: नोंद सर्व्हरवर पोचते, तरी ॲप '४०९' (आधीच्या नोंदीशी टक्कर झाल्याचा कोड) बघून "नोंद झाली नाही" म्हणतं

नमस्कार मंडळी,

गावच्या दूध संकलन केंद्रासाठी मी एक छोटं ॲप लिहिलंय. मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस, त्यावर पोस्टग्रेस्ट (डेटाबेसची टेबलं थेट वेबवरून वापरू देणारं सॉफ्टवेअर), आणि मोबाइलवरून फेच या जावास्क्रिप्टच्या फंक्शनने थेट त्यालाच रिक्वेस्ट जाते. मध्ये माझा वेगळा सर्व्हर नाही. डेटाबेसची एरर जशीच्या तशी माझ्या कोडमध्ये येते आणि तिचं काय करायचं ते मलाच ठरवावं लागतं. तिथेच अडलेय.

टेबलावर उत्पादक क्रमांक, तारीख आणि पाळी मिळून युनिक कन्स्ट्रेंट आहे, म्हणजे या तिन्ही गोष्टी सारख्या असलेली दुसरी नोंद बसत नाही. फेच नेटवर्कमुळे फसला की कॅचमध्ये (एरर पकडणाऱ्या कोडमध्ये) जाऊन तीनदा रिट्राय करते, म्हणजे तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवते. उत्तर आलं पण त्यातलं 'ओके' खोटं असेल (सर्व्हरने नकार दिला असेल), तर लाल पट्टी दाखवते.

परवा सकाळी १४७ नंबरच्या आजोबांचं दूध आलं. ११.४ लिटर, फॅट ४.२. ऑपरेटर ताईंनी सेव्ह दाबलं, चक्र फिरत राहिलं आणि शेवटी पट्टी आली, "नोंद झाली नाही, पुन्हा भरा." पुन्हा भरली, पुन्हा तेच. मागे रांग वाढत होती. त्यांनी पाळी बदलून 'संध्याकाळ' केली, तेव्हा घेतली. संध्याकाळी आजोबा खरोखर दूध घेऊन आले, तर ती नोंद नाकारली गेली. सकाळचेच आकडे दोनदा लागले आणि संध्याकाळचं खरं दूध नोंदीत आलंच नाही ना त्यांचं! हे मला फार लागलंय.

लॉग पाहिला. पहिली रिक्वेस्ट पोचली होती, २०१ ('नोंद तयार झाली' हा कोड) गेला होता, पण रेंज गेल्यामुळे उत्तर फोनपर्यंत आलंच नाही. मग रिट्राय, आणि त्याला ४०९. उत्तराच्या आतल्या जेसनमध्ये (डेटा पाठवायच्या मजकुरात) कोड २३५०५, म्हणजे युनिक कन्स्ट्रेंट मोडला.

आता प्रश्न असा: प्रत्येक २३५०५ ला "झालं" म्हणावं, तर खरी दुबार नोंद गिळली जाईल. "झालं नाही" म्हणावं, तर वर सांगितलं तसं होतं. हा फरक ओळखायचा कसा? मेसेजमधला मजकूर तपासू का?

प्रतिसाद १

मजकुरावर इफ लावू नका. सर्व्हरची भाषा बदलली की तो बदलतो, कोड बदलत नाही.

आयडी फोनवरच तयार करा. फॉर्म उघडला की एक यूयूआयडी (दुसऱ्या कशाशी न जुळणारा लांबलचक ओळख क्रमांक) काढायचा, फोनमध्ये जपून ठेवायचा आणि तोच प्रायमरी की (टेबलातल्या ओळीची मुख्य ओळख) म्हणून पाठवायचा. रिट्रायला तोच, ताईंनी पुन्हा सेव्ह दाबलं तरी तोच. २३५०५ आला की त्या आयडीची ओळ मागवा. मिळाली तर ती तुमचीच नोंद, हिरवी पट्टी दाखवा (लिटर आणि फॅट मात्र ताडून बघा, मधल्या वेळात कुणी आकडा बदललेला असू शकतो). नाही मिळाली तर ती नोंद दुसरीकडून आली आहे. मग "या पाळीची नोंद आधीच आहे" असं सांगून ती आधीची नोंदच समोर ठेवा. "पुन्हा भरा" हे शब्द तिथून काढाच. ॲपने सांगितलं तेच ताईंनी केलं.

रिट्रायचंही ठरवून घ्या. ४०००१ आणि ४०पी०१ म्हणजे ट्रान्झॅक्शन पूर्ण मागे फिरलेलं, ते बिनधास्त परत पाठवा. ५०३ (सर्व्हर तात्पुरता उपलब्ध नाही) ला थोडं थांबून. २२, २३, ४२ ने सुरू होणाऱ्या कोडना (चुकीचा डेटा, मोडलेलं कन्स्ट्रेंट, चुकीची क्वेरी किंवा परवानगी नसणं) रिट्राय करून काही हाती लागत नाही.

प्रतिसाद २

आजोबांची नोंद दुरुस्त करताना जपून. आरएलएस पॉलिसीत (कुणाला कोणत्या ओळी बघता-बदलता येतील याच्या डेटाबेसमधल्या नियमात) ती ओळ बसली नाही, तर पॅचला (ओळ बदलायच्या रिक्वेस्टला) एरर येत नाही. शून्य ओळी बदलतात आणि २०४ ('काम झालं, परत द्यायला काही नाही') येतो. रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या 'प्रेफर' हेडरमध्ये बदललेली ओळ परत मागा. रिकामा ॲरे (यादी) आला तर काहीच बदललेलं नाही.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आयडी प्रत्येक रिट्रायला सर्व्हरच नवीन देत होता, म्हणून माझी ओळ मला ओळखू येत नव्हती. आता सेव्ह दाबून लगेच विमान मोड लावला, एका मिनिटाने काढला. सहा वेळा केलं, सहाही वेळा एकच ओळ आणि हिरवी पट्टी.

आणि हो, पॅचला रिकामा ॲरेच आला! पॉलिसीत फक्त आजच्या तारखेला परवानगी होती. ती सुधारली आणि मग आजोबांच्या संध्याकाळच्या नोंदीत खरे आकडे भरले. सकाळची पहिल्याच रिक्वेस्टला बसलेली होती. बिल निघायला अजून चार दिवस आहेत, उद्या सकाळी केंद्रावर जाऊन त्यांना दोन्ही नोंदी दाखवते.