ख्रिसमसला टाहोला जायचंय आणि फोरकास्ट रोज बदलतोय, नक्की काय बघायचं?

सानिका_बे:
नमस्कार मंडळी, 24 तारखेला सॅन होजेहून डोंगरातल्या टाहो तळ्याला निघायचं ठरलंय, आई-बाबा इथे आलेत, आईला बर्फ पडताना बघायचाय आणि केबिनचे पैसेही भरून झालेत. फोनमधलं अॅप परवा 40 इंच दाखवत होतं, काल 9, आज सकाळी 26. अजून सहा दिवस आहेत. कशावर विश्वास ठेवायचा? गाडी ऑल व्हील ड्राइव्ह आहे, टायर ऑल सीझन. बाबांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय त्यामुळे रस्त्यात तासन्‌तास अडकणं मला खरंच परवडणार नाही.

ढगांचा_नाद:
अॅप हवामानाच्या कॉम्प्युटर मॉडेलच्या एकाच रनचा (फेरीचा) आकडा उचलून दाखवतं, आणि मॉडेल दिवसातून चार वेळा नव्याने चालतं म्हणून तो आकडा उड्या मारतो. हे वादळ अजून पॅसिफिकवर आहे, तिथे हवामानाचे फुगे सोडणारी केंद्रं जवळजवळ नाहीतच, सगळा भार सॅटेलाइटवर (हिवाळ्यात विमानं मुद्दाम समुद्रावर जाऊन वरून यंत्रं टाकतात ती याचसाठी). त्यात अॅटमॉस्फेरिक रिव्हर म्हणजे बाष्पाचा लांबलचक पण अरुंद पट्टा, तो शंभर मैल वर-खाली सरकला की कुठे धो धो आणि कुठे नुसती रिपरिप. युरोपियन मॉडेल हेच भाकीत थोडाथोडा फरक करून 51 वेळा चालवतं, ते सगळे निकाल एकमेकांजवळ येत नाहीत तोवर 26 काय आणि 40 काय, दोन्ही सोडून द्या.

इंचांऐवजी स्नो लेव्हल बघा, म्हणजे कुठल्या उंचीच्या वर पावसाचा बर्फ होतो ते. तळं साधारण 6,200 फुटांवर आणि आय-80 हायवेवरची डोनर समिट ही खिंड 7,200 च्या वर. वादळाचा पहिला भाग उबदार असतो, लेव्हल 8,000 ला गेली तर तुमच्या केबिनवर चक्क पाऊस, मग कोल्ड फ्रंट (थंड हवेची आघाडी) गेला की काही तासांत ती 4,000 वर येते आणि आय-80 वर खूप खाली, ब्लू कॅन्यनपासूनच रस्ता पांढरा. फ्रंट सहा तास इकडेतिकडे झाला की तुमचे इंच कुठल्या कुठे जातात, खरी चूक बहुतेक वेळा इथेच होते. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या सॅक्रामेंटो आणि रेनो ऑफिसचं फोरकास्ट डिस्कशन रोज वाचा, कशाची खात्री आहे आणि कशाची नाही ते त्यात साध्या वाक्यांत लिहिलेलं असतं.

समिटपार:
वरचं सगळं बरोबर, पण परतीचा दिवसही बघा, लोक फक्त जायचा बघतात. 2021 च्या डिसेंबरमध्ये डोनरजवळच्या बर्फ मोजणाऱ्या स्नो लॅबमध्ये महिन्याभरात 214 इंच पडला आणि ख्रिसमसनंतर आय-80 आणि हायवे 50 दोन्ही बंद होते, आम्ही तेव्हा वर अडकलो होतो, बरोबर लहान बाळ आणि दुधाची पावडर संपत आलेली, ते दिवस मी विसरत नाही. आर-2 (टायरला चेन लावायचा नियम) लागला तर ऑल व्हील ड्राइव्हला सूट आहे पण चारही टायरवर एम अँड एस (चिखल आणि बर्फाचा टायर) किंवा डोंगराचं चिन्ह हवं, आणि चेन तरीही गाडीत ठेवाव्याच लागतात. त्या घरीच लावून बघा. मी पहिल्यांदा लावल्या त्या अंधारात, चिखलासारख्या ओल्या बर्फात गुडघे टेकून, मागचा हूक चाचपडत शोधायचा तर ग्लोव्ह काढावाच लागला आणि पाच मिनिटांत बोटं बधिर.

सानिका_बे:
दोघांचेही मनापासून आभार, स्नो लेव्हल हा शब्दच मला नवीन होता. मग टाहो रद्द करून समुद्रकिनाऱ्यावर बिग सूरला गेलो तर? तिथे बर्फाची भानगड नाही.

ढगांचा_नाद:
बर्फ नाही पण पाणी तेच. नैऋत्येचा वारा किनाऱ्याच्या डोंगरांवर आपटून वर चढतो आणि तिथेच रिकामा होतो, सॅन होजे त्यांच्या आडोशाला म्हणून तुम्हाला ते जाणवत नाही. जानेवारी 2021 मध्ये तिथल्या रॅट क्रीकपाशी किनाऱ्याच्या हायवे 1 चा तुकडाच समुद्रात गेला, वरचं जंगल आदल्या वर्षी जळालेलं होतं. जायचंच तर मॉन्टेरेला थांबा, दक्षिणेला उतरू नका, आणि लाटा मोठ्या असतील तर आई-बाबांना खडकांवर नेऊ नका.

समिटपार:
केबिनवाल्यांना आजच फोन करा, तारीख एक दिवस अलीकडे मिळते का विचारा. वादळाच्या आधी वर पोचणं आणि रस्ता उघडल्यावर सावकाश उतरणं हेच गुडघ्यांना बरं, बाबांची औषधं मात्र तीन दिवस जास्तीची घ्या.

सानिका_बे:
फोन केला, 23 मिळतेय. 21 च्या रात्रीचं डिस्कशन वाचून पक्कं करते, तोवर पैसे परत मिळतात म्हणाले. चेन आणल्यात, आत्ता बाबा टॉर्च धरून उभे आहेत आणि एक चाक झालंय.