परमुलखात मराठी बोलणारं अनोळखी माणूस भेटलं की पुढे काय करता?

लोकलवाली_डोंबिवली:
मागच्या महिन्यात आईला घेऊन तंजावरला गेले होते. बृहदीश्वराच्या देवळाच्या आवारातल्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास कोरलाय, तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ मध्ये करून घेतलेला, देवनागरीत, लांबच लांब. आई अक्षर अक्षर लावत मोठ्याने वाचत होती तर शेजारी वेष्टीतले (तिकडचं धोतर) एक आजोबा येऊन उभे राहिले आणि म्हणाले, जरा सावकाश वाचा की. चक्क मराठीत! सूर तमिळ, शब्द आपले. घरी मराठीच बोलतात म्हणे, पण शाळा तमिळमधून झाली त्यामुळे देवनागरी वाचताच येत नाही. मग काय, आई वाचतेय, ती अडली की जुन्या शब्दाचा अर्थ ते सांगतायत, असा अर्धा तास गेला आणि मी आपली पोळलेले तळपाय घेऊन बाटली धरून उभी. मग त्यांचा नातू बोलवायला आला, ते गेले. नंबर घ्यायचा राहिलाच, आई अजून चुटपुटतेय. तुम्ही मागता का नंबर? की आगाऊपणा वाटतो?

खाऊगल्ली:
मागायचा बिनधास्त, फार तर नाही म्हणतील.

कोकणातला_पाहुणा:
मी मॉरिशसला उलटा आपटलो. हॉटेलातल्या मुलीचं आडनाव आपल्याकडचं, म्हणून मी सुरू झालो धडाधड मराठीत, ती बिचारी नुसती हसतेय. घरात क्रिओल, मराठी फक्त आजीला यायची म्हणाली. पण आरती तिला अख्खी पाठ! गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, आणि आपली कोकणातली जाखडी तिकडे झाकरी म्हणून नाचतात. तेव्हा आडनावावरून भाषा गृहीत धरू नका, आधी विचारा.

मशीदबंदरकर:
लांब कशाला, मशीद स्टेशनला उतरा. स्टेशनला नाव ज्या 'मशिदी'वरून पडलं ते खरं तर बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांचं १७९६ चं सिनेगॉग, त्यांचं प्रार्थनास्थळ, लोक जुनी मशीद म्हणायचे. माझ्या ऑफिसात या समाजातल्या एक बाई होत्या, गावावरून पडलेलं आडनाव, मराठी माझ्यापेक्षा चांगलं. नवस फिटला की घरी मलिदा करायच्या, गोड पोहे, खोबरं, वर फळं, आणि आम्हाला डब्यातून आणायच्या. त्या इस्रायलला गेल्या, पण दिवाळीला फोन येतो आणि पहिलं वाक्य, काय रे, जेवलास का?

विरार_फास्ट:
सगळं छान आहे हो, पण एक सांगा, तंजावरला गळ्यात पडणारे आपण इथे लोकलच्या दारातल्या माणसाला 'आगे उतरना है क्या' विचारतो, आणि तोही मराठीच निघतो 😀 दोघंही मग बोरिवलीपर्यंत हिंदीच रेटतात. मी हल्ली आधी मराठीत विचारतो, नाहीच कळलं तर हिंदी आहेच.

लोकलवाली_डोंबिवली:
@विरार_फास्ट पकडलंत, मीही त्यातलीच. आईला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणतेय नंबर नाही तर नाही, भिंत कुठे जातेय, पोंगलच्या सुट्टीत परत जाऊ. तिकिटं काढायला मलाच लावलंय. यावेळी मोजे घेऊन जाणार, देवळात चालतात ना?