मदत हवी आहे: छातीच्या स्नायूचा टेंडन हाडावरून सुटला आहे, ऑपरेशन करावं का? (सांगली-मिरज)

नमस्कार. धाकट्या भावासाठी विचारते आहे. वय २७, लहानपणापासून तालमीत वाढलेला. आमचं गाव पलूस तालुक्यात. मी सांगलीत विश्रामबागला राहते, म्हणून सध्या तो माझ्याकडेच आहे.

जत्रांमधली कुस्त्यांची मैदानं जवळ आली म्हणून जिममध्ये बेंच प्रेस वाढवला होता. बार छातीवर खाली घेताना, वर ढकलताना नव्हे, उजव्या काखेपाशी काहीतरी फाटलं. शेजारच्या मुलालाही आवाज आला म्हणे. "दंडात आग झाली आणि हातातली ताकदच गेली," असं तो सांगतो. त्या रात्री फारशी सूज नव्हती. नंतर मात्र काखेपासून कोपरापर्यंत दंडाची आतली बाजू काळीनिळी पडली.

गावी लचक भरली म्हणून चोळून घेतलं, आंबेहळद-तुरटीचा लेप बांधला. मग इथे एका दवाखान्यात एक्स-रे काढला. हाड शाबूत आहे, विश्रांती घ्या, एवढंच सांगितलं. दुखणं खरोखर कमी झालं. जेवतो, गाडी चालवतो, हात डोक्यावर जातो. घरी सगळ्यांना वाटलं, बरा झाला.

मला मात्र त्याची छाती बघून चैन पडेना. दोन्ही तळहात समोर जोडून दाबायला लावले की डाव्या काखेपुढची कड जाड, टणक उठते. उजवीकडे ती कडच नाही, तिथे खळगा पडतो आणि मांसाचा गोळा छातीच्या मध्याकडे सरकतो. शर्ट घातला की काही कळत नाही.

शेवटी मिरजेला अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी हेच तळहात दाबायला लावले, काखेची कड चाचपली आणि सांगितलं की पेक्टोरॅलिस मेजरचा, म्हणजे छातीच्या मोठ्या स्नायूचा, टेंडन (स्नायूला हाडाशी बांधणारा चिवट पट्टा) दंडाच्या हाडावरून सुटलेला दिसतो. एमआरआय करा, आणि ऑपरेशन करायचं असेल तर वेळ घालवू नका. दुखापतीला आता तीन आठवडे होत आलेत.

आईचं म्हणणं, हात चालतोय तर कापाकापी कशाला? भाऊ स्वतः गप्प आहे. त्याचा सगळा जीव कुस्तीत आहे, एवढं मला माहीत आहे. ऑपरेशनशिवाय हे जुळतं का? उशिरा केलं तर काय फरक पडतो? तो पुन्हा कुस्ती खेळू शकेल का? कुणी यातून गेलं असेल, किंवा या क्षेत्रातलं कुणी असेल, तर कृपया लिहा. डॉक्टरांकडे परत जायच्या आत मला नीट समजून घ्यायचं आहे.

प्रतिसाद – लाल माती

ताई, आमच्या तालमीतल्या एका मल्लाचं अगदी असंच झालं होतं. त्यानं ऑपरेशन केलं नाही. आज शेतीची सगळी कामं करतो, पोतं उचलतो, कुणाला सांगूनही खरं वाटणार नाही. पण मैदानात समोरच्याच्या कमरेला मिठी मारली की त्या हाताची पकड सुटायची. पट काढायला (समोरच्याचा पाय धरून पाडायला) अडचण नव्हती, आवळून धरताना मात्र हात उघडायचा. दोन हंगाम तसाच लढला आणि मग थांबला. आता वस्ताद म्हणून पोरं घडवतो. भावाला पुढे खेळायचंच असेल तर हे त्याच्या कानावर घाला. निर्णय त्याचा त्याला घेऊ द्या.

प्रतिसाद – फिजिओ मिरज

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशनचा सल्ला देणं माझं काम नाही, ते सर्जनच ठरवतील. पण तुमच्या प्रश्नांमागची शरीररचना सांगते, म्हणजे त्यांच्याशी बोलणं सोपं जाईल.

या स्नायूचे मुख्य दोन भाग. एक कॉलरबोनवरून निघतो, दुसरा छातीच्या मधल्या हाडावरून आणि बरगड्यांवरून. दोन्ही मिळून एक चपटा टेंडन होतो आणि तो दंडाच्या हाडाला, बायसेप्सच्या खाचेच्या बाहेरच्या काठावर चिकटतो. चिकटण्याआधी त्याला पीळ पडतो, त्यामुळे छातीच्या खालच्या भागातून आलेले तंतू सगळ्यात वर जाऊन बसतात. बार छातीवर टेकतो तेव्हा कोपर शरीराच्या मागे गेलेलं असतं. त्या क्षणी हे खालचे तंतू पूर्ण ताणलेले असतात आणि त्याच ताणात वजनही धरून असतात. म्हणून फाटतं ते बार खाली येताना, आणि बहुतेक वेळा तेच तंतू आधी तुटतात. वरचा भाग शाबूत राहिला तर हात वर जातो, रोजची कामं होतात. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, टेंडन दिसत नाही. म्हणून अशा मुलांना लचक समजून घरी पाठवलं जातं आणि मोलाचे आठवडे निघून जातात. मला याची फार हळहळ वाटते, कारण काखेची कड दोन्ही बाजूंनी चाचपून बघायला अर्धा मिनिटही लागत नाही. तुम्ही ते घरी पाहिलंत, हे फार बरं केलंत.

ऑपरेशनशिवाय जुळतं का, हे कुठे फाटलंय यावर आहे. स्नायूच्या मांसल भागातच फाटलं असेल किंवा थोडंच फाटलं असेल, तर बहुधा हात झोळीत गळ्यात अडकवणं, विश्रांती आणि व्यायाम यांवर भागवतात. वयस्कर माणसाला, ज्याला जड कामच करायचं नाही, त्यालाही ऑपरेशनशिवाय चालतं. पण टेंडन हाडावरून पूर्ण सुटला असेल तर तो आपोआप जागेवर येऊन चिकटत नाही. दुखणं थांबतं, व्रण धरतो, पण हात शरीराकडे ओढण्याची आणि आत वळवण्याची ताकद कमी राहते. वर दादांनी मिठीचं सांगितलं ते हेच.

वेळेचं म्हणाल तर पहिल्या काही आठवड्यांत, साधारण सहा आठवड्यांच्या आत, टेंडन शोधून ओढून जागेवर आणणं सोपं असतं. पुढे स्नायू आक्रसतो आणि आजूबाजूला चिकटतो. काही महिन्यांनी ऑपरेशन होतच नाही असं नाही, पण तेव्हा कधी कधी टेंडन हाडापर्यंत पोचत नाही आणि दुसरीकडचा टेंडन जोड म्हणून लावावा लागतो. तीन आठवडे म्हणजे अजून हातात वेळ आहे.

एमआरआयच्या चिठ्ठीवर नुसतं "खांदा" नको, पेक्टोरॅलिस मेजर असं स्पष्ट लिहून घ्या. नेहमीच्या खांद्याच्या एमआरआयमध्ये सांध्यावर भर असतो. हा टेंडन त्याच्या खाली चिकटतो, त्यामुळे तो पुरता चित्रात येईलच असं नाही.

आणि राग मानू नका, एक विचारते. जिममधल्या मुलांत स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतली जातात. त्यानं स्नायू भराभर वाढतो, टेंडन त्या वेगानं मजबूत होत नाही. भावानं घेतली असोत वा नसोत, सर्जनना आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना खरं सांगायला सांगा. तंबाखू, मावा असेल तर तोही आजपासून बंद. त्यानं जखम भरायला उशीर होतो.

तोवर चोळणं पूर्ण थांबवा.

प्रतिसाद – कराडकर

माझं हे ऑपरेशन झालंय, म्हणून पेशंट म्हणून लिहितो. पूर्ण भूल दिली होती. काखेच्या पुढे चीर घेतात. सुटलेलं टोक शोधून त्यात भक्कम दोरा ओवतात आणि दंडाच्या हाडात बारीक अँकर (दोरा धरून ठेवणारे स्क्रूसारखे तुकडे) किंवा धातूची बटणं बसवून त्यावर टेंडन ओढून बांधतात. मला अँकर होते. व्रण काखेच्या घडीजवळ आहे, चटकन दिसत नाही.

ऑपरेशनपेक्षा नंतरचा काळ अवघड. सहा आठवडे हात पोटाशी बांधलेला. बोटं, मनगट, कोपर पहिल्यापासून हलवायला लावतात, पण हात बाजूला उचलायचा नाही आणि बाहेर वळवायचा तर अजिबात नाही. मग हळूहळू हालचाल, तीन महिन्यांच्या सुमारास हलके व्यायाम. जड वजन सहा महिन्यांनंतर, तेही सर्जननी हो म्हटल्यावर. खरा धोका मधल्या काळात असतो. दुखत काहीच नसतं, हात बरा वाटतो आणि जोर मारावेसे वाटतात. जोर मारताना खाली गेलं की छातीवर तोच ताण येतो जो बेंचवर येतो. भावाला हे आत्ताच पटवून ठेवा, कारण पुन्हा सुटलं तर दुसरं ऑपरेशन पहिल्याइतकं सोपं नसतं.

सर्जनना सरळ विचारा की या टेंडनची ऑपरेशनं त्यांनी केली आहेत का. चांगले डॉक्टर या प्रश्नाचा राग धरत नाहीत. खर्चाचा अंदाज लेखी घ्या. अँकर पॅकेजमध्ये धरलेत की वेगळे, हे त्यात लिहून घ्या, कारण बिल तिथेच फुगतं.

प्रतिसाद – वारणाकाठ

रुग्णालय महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटा. हे ऑपरेशन योजनेत बसतं का, ते भरती होण्याआधीच विचारून घ्या. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. खाजगी विमा असेल तर त्यांची पूर्वमंजुरी घ्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. चिठ्ठीवर तसं लिहून घेऊनच एमआरआय केला. फिजिओताई, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. खालचा भाग हाडावरून पूर्ण सुटून आत सरकलाय, कॉलरबोनकडचा शाबूत आहे. इंजेक्शनांबद्दल त्याला एकट्याला बाजूला घेऊन विचारलं. प्रोटीन पावडरीशिवाय काही नाही म्हणाला. पावडरीचा डबा घेऊन डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी त्याच्याशी आम्हाला बाहेर बसवून वेगळं बोलून घेतलं, ते मला आवडलं.

मिठीचा प्रतिसाद मी त्याला वाचून दाखवला. त्यावर पहिल्यांदाच बोलला, "ताई, करून टाकूया." आईला डॉक्टरांनी स्वतः समजावलं. हात तुटलेला नाही, पण बांधलेली दोरी खुंटीवरून सुटलीय, असं सांगितल्यावर तिला पटलं. येत्या गुरुवारी ऑपरेशन ठरलंय. हा हंगाम गेला हे त्यानं मान्य केलंय. पुढच्या वर्षीचं डॉक्टर आत्ता काही बोलत नाहीत, आणि मीही त्याला तसली आशा दाखवणार नाही.

आता फक्त घरातली तयारी राहिली आहे. तो कायम पालथा झोपतो. हात बांधलेला असताना झोपायचं कसं? आणि तपासणीला विश्रामबागहून मिरजेला बसनं नेलं तर चालेल का?

प्रतिसाद – कराडकर

पाठीला उशा लावून अर्धवट बसतं झोपवा. कोपराखाली एक उशी हवीच, नाहीतर हात मागे पडतो आणि टाका ओढला जातो. झोपेत पालथा होऊ नये म्हणून त्या बाजूला घडी केलेली गोधडी लावा. कपडे पुढून बटणांचे, आणि घालताना आधी दुखरा हात. बस पहिले आठवडे नको. उभं राहावं लागलं की तोल सावरायला हात आपोआप दांडीकडे जातो. रिक्षा करा, आणि रिक्षात दुखऱ्या बाजूला तुम्ही बसा.

प्रतिसाद – फिजिओ मिरज

झोपण्याचं अगदी बरोबर सांगितलंय. काखेत घाम साचतो, तिथे मऊ सुती कापडाची घडी ठेवा आणि रोज बदला. ती बदलताना हात शरीरापासून लांब करायचा नाही. त्याला कमरेतून थोडं पुढे वाकायला सांगा, म्हणजे हात आपोआप लोंबून जागा होते. घरी जायच्या आधी वॉर्डातल्या फिजिओंकडून हे एकदा तुमच्या हातानं करून घ्या. टाके काढायला याल तेव्हा व्यक्तिगत निरोप करा.