डॅनिएल बून : मिलिशिया आणि हातची गेलेली जमीन

अठराव्या शतकातला अमेरिकी सरहद्दीवरचा वाटाड्या डॅनिएल बून हा एकांडा शिकारी होता, असे म्हटले जाते. त्याला थोडी पुस्ती जोडतो. १७७५ मध्ये त्याने तीसेक माणसांसह ॲपलेशियन डोंगरांतल्या कंबरलँड खिंडीतून झाडी तोडत वाट काढली आणि केंटकी नदीकाठी बून्सबरो वसवले. परंतु ती भूमी शॉनी या मूळ अमेरिकी लोकांच्या शिकारीची होती, त्यांतील अनेकांना हा ताबा कधीच मान्य नव्हता, आणि पुढचा रक्तपात त्यातूनच उद्भवला. १७७८ मध्ये शॉनींच्या कैदेतून निसटून त्याने सुमारे १६० मैल चार दिवसांत कापले आणि शॉनींनी सप्टेंबरात घातलेल्या वेढ्यात बून्सबरो राखण्यास हातभार लावला. तरीही फितुरीच्या आरोपावरून त्याच्यावर लष्करी खटला चालला. त्यातून तो निर्दोष सुटला. ऑगस्ट १७८२ मध्ये केंटकीतल्या ब्लू लिक्स येथील लढाईत, शत्रू दबा धरून असल्याचा इशारा त्याने देऊनही मिलिशिया (वसाहतकऱ्यांची नागरी फौज) पुढे धावली, आणि त्याचा मुलगा इस्रायल तेथेच मारला गेला. मला सर्वाधिक चटका लावते ते यानंतरचे : दस्तऐवज सदोष ठरून केंटकीतली त्याची जवळजवळ सारी जमीन गेली, आणि १७९९ मध्ये, पासष्टीला टेकलेला बून स्पॅनिश अमलाखालच्या मिझुरीत निघून गेला.