स्वाइन फ्लू २००९-१० : तुमच्या घरी, गल्लीत काय झालं? (अनुभव धागा)

कोविडवर आपण सगळ्यांनी भरभरून लिहिलं, पण त्याच्या दहा-अकरा वर्षं आधी स्वाइन फ्लू येऊन गेला त्यावर कुणी फारसं लिहिलेलं दिसत नाही, म्हणून हा धागा काढतेय. देशातली पहिली केस मे २००९ मध्ये हैदराबादला, अमेरिकेहून आलेला प्रवासी. ११ जूनला डब्ल्यूएचओने जागतिक साथ जाहीर केली तरी आम्हाला पुण्यात ते विमानतळापुरतंच वाटत होतं. मग शाळांमध्ये केसेस निघायला लागल्या आणि ३ ऑगस्टला चौदा वर्षांची शाळकरी मुलगी गेली. देशातला पहिला मृत्यू, आणि तो आमच्या गावात. त्यानंतर शाळा-कॉलेजं बंद, थिएटरं बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा. गाडीवर स्कार्फ बांधायची सवय पुण्यातल्या मुलींना आधीपासून होतीच, त्या आठवड्यात आजोबा लोकांच्याही तोंडाला रुमाल आणि रुमालात कापूर-वेलची.

आमच्या सोसायटीत एक मुलगा पॉझिटिव्ह निघाला, बराही झाला, पण त्यांच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींना बाकीच्या घरांनी येऊ नका म्हणून सांगितलं, आणि त्या घरातल्या काकू जिन्यात दिसल्या की दारं लावून घ्यायचे लोक. आकडे सरकारदरबारी आहेत, हे कुठेच नाहीये. तुम्ही लिहा. कुठलंही गाव चालेल.

सिस्टर_पिंपरी

मी तेव्हा स्क्रीनिंग सेंटरवर ड्यूटीला होते. घशातला स्वॅब घ्यायचा, व्हीटीएमच्या (विषाणू टिकवणाऱ्या द्रवाच्या) ट्यूबमध्ये टाकायचा, नीट पॅक करून बर्फात ठेवून एनआयव्हीला, म्हणजे पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला पाठवायचा. सुरुवातीला टेस्ट फक्त सरकारी लॅबमध्ये व्हायची त्यामुळे साधी सर्दी असलेला माणूसही रांगेत यायचा, लेकरं कडेवर घेऊन बायका यायच्या, आणि ज्यांना काहीच झालेलं नाही ते तासन् तास खोकणाऱ्यांच्या मधे उभे, ते बघून माझ्या पोटात गोळा यायचा.

मग पेशंटची ए-बी-सी वर्गवारी आली. साधा ताप-खोकला असेल तर ए, घरी थांबा, टेस्ट नको. ताप जास्त आहे, घसा खूप दुखतोय किंवा पेशंट गरोदर, दमेकरी, शुगरचा, लहान मूल, म्हातारं माणूस असेल तर बी, इथे रिपोर्टची वाट न बघता टॅमीफ्लू (फ्लूच्या विषाणूवरची गोळी) द्यायची. दम लागतोय, छातीत दुखतंय, नखं निळी पडलीत तर सी, ताबडतोब ॲडमिट. कागद एवढाच पण त्याने रांग मोडली, आणि खरा आजारी माणूस आधी दिसायला लागला. माझ्या मते त्या साथीत सगळ्यात जास्त जीव या कागदाने वाचवले, मास्कने नाही.

माझी मुलगी लहान होती, तिला आईकडे बारामतीला ठेवलं होतं. फोनवर मी बोलायला लागले की ती नुसती गप्प बसायची.

मेडिकलवाला_सातारा

आमच्याकडे पाचगणीच्या शाळांमध्ये केसेस निघाल्यावर घबराट झाली. एन-९५ होलसेललाच मिळेना, साधे तीन पदरी मास्क आले की दुपारपर्यंत संपायचे. लोक टॅमीफ्लू मागायचे, हात जोडायचे, पण ती तेव्हा सरकारी दवाखान्यातूनच मिळायची. सप्टेंबरमध्ये दुकानात विकायला परवानगी मिळाली तीपण शेड्यूल एक्सचं, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांचं लायसन असेल तरच, आणि तालुक्याच्या दुकानाकडे ते कुठून असणार? लोकांना वाटायचं आम्ही लपवून ठेवलीय. त्याचा फार त्रास झाला, कारण समोरचा माणूस घाबरलेला असायचा आणि ओळखीचा असायचा.

ठाणेकर_गोविंदा

१४ ऑगस्टला गोपाळकाला होता. ठाण्यातल्या बऱ्याच मोठ्या हंड्या रद्द झाल्या, आमच्या पथकाची प्रॅक्टिस गुरुपौर्णिमेपासून चालू होती. पोरं नाराज झाली पण थर लावताना एकमेकांच्या तोंडाजवळ तोंड असतं, आमच्या कोचने एका वाक्यात सांगितलं की खालच्या थरातला एक जरी आजारी असला तरी सगळं पथक पडणार. नाही गेलो.

माहेर_नगर

माझी जाऊ सातव्या महिन्यात होती. ताप आला, दुसऱ्या दिवशी बोलताना दम लागायला लागला. जवळच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं तर गेटवरच विचारलं खोकला आहे का, आणि आत घेतलंच नाही. दीर तिला रिक्षात तसंच बसवून सिव्हिलला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट यायच्या आधी गोळ्या चालू केल्या, ऑक्सिजन लावला. मॅडम म्हणाल्या की हा फ्लू गरोदर बायकांना फार जड जातो, थांबू नका. सासूबाई वॉर्डाबाहेर बसून होत्या, नातेवाईक कुणी डबा घेऊन यायला तयार नव्हतं, शेवटी समोरच्या चहाच्या टपरीवाल्याने दोन्ही वेळचं जेवण पाठवलं, पैसे घेतले नाहीत. जाऊ आणि बाळ दोघंही सुखरूप. त्या दादांना आमच्याकडे भाऊबीजेला बोलावतात अजून.

नाशिक_४२२

सगळे २००९ बद्दल लिहिताय, मला २०१० बद्दल लिहायचंय. १० ऑगस्ट २०१० ला डब्ल्यूएचओने साथ संपली म्हणून जाहीर केलं, टीव्हीवर बातमी आली, आणि त्याच महिन्यात माझे बाबा गेले. आदल्या वर्षी साध्या शिंकेला लोक पळायचे, या वर्षी बाबांना ताप होता, धाप होती, शुगर होती, तरी स्वाइन फ्लूचं नाव कुणी काढलं नाही. न्यूमोनिया म्हणून औषधं चालली. स्वॅब घेतला तेव्हा ते व्हेंटिलेटरवर होते, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. नंतर कळलं की देशात २००९ मध्ये सरकारी आकडा हजाराच्या आत होता आणि २०१० मध्ये १,७०० च्या वर गेला. म्हणजे माणसं जास्त गेली ती बातम्या कमी झाल्यावर. नाकात मारायची देशी लस त्या जुलैत आली होती, आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. बाबा रोज पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे, त्यात असतं तर त्यांनी नक्की घेतली असती.

सिस्टर_पिंपरी

नाशिक दादा, वाचून वाईट वाटलं. २०१० च्या पावसाळ्यात आमच्याकडेही असे पेशंट उशिराच यायचे, घरचे म्हणायचे आता कुठे स्वाइन फ्लू राहिलाय. तो गेला नव्हता, २०१५ ला राजस्थान-गुजरातमध्ये केवढा आला बघा, आणि अजूनही दर पावसाळ्यात असतो. आता दरवर्षीच्या फ्लूच्या इंजेक्शनमध्ये त्याचा भाग असतो. तुमच्या आई असतील तर त्यांच्या डॉक्टरांना या वर्षी विचाराल का?

नाशिक_४२२

आई आहे, एकाहत्तर वर्षांची. सोमवारी घेऊन जातो.