डीएम लोकहो, भूत-भविष्य बघणाऱ्या स्पेल्सना लगाम घालायचा की नाही?

टाकलेला_वीस
आधी परवाचं सांगतो, मग भांडा. डी अँड डी, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स, डाइस टाकून गोष्टीतली पात्रं खेळायचा खेळ, पाचवी एडिशन. मी डीएम, म्हणजे गोष्ट रचून खेळ चालवणारा. तीन आठवडे खपून मर्डर मिस्ट्री लिहिली होती. बंदरावरचा सावकार मेलाय, पाच संशयित, प्रत्येकाची वेगळी खोटी साक्ष, वाड्याचा नकाशा पण हाताने काढला. सेशन सुरू झालं, चिवड्याची वाटी अजून अर्धी पण झाली नव्हती आणि आमचा क्लेरिक (देवाच्या जोरावर जादू करणारा पुजारी) म्हणतो मी प्रेतावर स्पीक विथ डेड टाकतो, म्हणजे मुडद्याला बोलतं करणारं स्पेल. पहिलाच प्रश्न, तुला कोणी मारलं? प्रेत म्हणालं, धाकट्या भावाने. झालं. वीस मिनिटांत खेळ खलास, उरलेले तीन तास पार्टी बाजारात दोरी नि मशालींचा भाव करत बसली.

फायरबॉल गॉब्लिन मारतो, ही स्पेल्स डीएमचा होमवर्क मारतात. म्हणून आता हाऊस रूल करतोय की मागचं किंवा पुढचं दाखवणारं कुठलंही स्पेल पात्राच्या एका लेव्हलला एकदाच. ऑगरी, डिव्हिनेशन, कम्यून, लेजंड लोअर, सगळी त्यात आली. बोला.

मेस_घेतलेला_साधू
साफ चूक. मी क्लेरिकच खेळतो म्हणून जास्तच लागलं. फायटरला सांगाल का बाबा तलवार लेव्हलला एकदाच उपसायची? पाचव्या लेव्हलच्या क्लेरिककडे तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट, म्हणजे ती स्पेल्स टाकायच्या संधी, असतात मोजून 2, त्यातला एक त्याने मुडद्याशी गप्पा मारायला घालवला, म्हणजे पुढे कोणी मेलं तर त्याला जिवंत करणाऱ्या रिव्हिव्हिफायला एकच उरला. किंमत मोजलीच की त्याने. आणि टेबलावर क्लेरिक बसलाय हे तुम्हाला तीन आठवडे माहीत होतं ना, मग मिस्ट्री लिहिताना तो कुठे गेला?

पान_नंबर_सांगा
अहो पण स्पेल नीट वाचलं का कोणी? मुडद्याला फक्त जिवंतपणी जे माहीत होतं तेच माहीत. तोंड शाबूत लागतं. पाच प्रश्न, उत्तरं तुटक, कोड्यातली असू शकतात. विचारणारा त्याला शत्रू वाटला तर खरं बोलायचं बंधन पण नाही. एकदा विचारलं की 10 दिवस त्याच प्रेताला परत विचारता येत नाही. लगाम आधीच आहे, तुम्ही तो हातात धरला नाहीत एवढंच.

टाकलेला_वीस
हे सगळं करून झालंय हो. आधीच्या कॅम्पेनमध्ये पहिल्या खुन्याने मुखवटा घातला, दुसऱ्याने मागून वार केला, तिसऱ्या प्रेताचा जबडाच गायब केला तेव्हा अख्खं टेबल हसलं. प्लेयरला कळतं की हा जबडा खुन्याने नाही, डीएमने नेलाय.

बोरिवली_फास्ट
हसले कारण तुम्ही तो जबडा तिथेच सोडून दिलात 😄 ज्या जगात देवळातला पुजारी मुडद्याला बोलतं करतो तिथले खुनी ते धरूनच खून करणार ना, आपल्याकडे चोर सीसीटीव्ही बघून तोंड झाकतो तसंच. जबडा नाही म्हणजे खुन्याला हे स्पेल ठाऊक होतं, आणि मासळी विकणाऱ्याला ते कुठून ठाऊक असणार, म्हणजे पाचातले तीन संशयित तिथल्या तिथे गळाले. तो अडथळा नाही, तो क्लू आहे.

टाकलेला_वीस
हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. चिडचिड झाली पण बरोबर आहे.

कुडाळचो_डाइस
भविष्याबद्दल बोलतो. लहानपणी आजोबांबरोबर देवळात कौल घ्यायला जायचो. पाकळ्या पाण्यात भिजवून मूर्तीला दोन्ही बाजूंना चिकटवायच्या, गुरव गाऱ्हाणं घालणार आणि मग सगळे टक लावून बसणार, उजवी आधी पडते की डावी. देव कधी म्हणत नाही की अमुक सालात तमक्या बँकेचं कर्ज काढ. उजवी किंवा डावी, बास. एकदा जमिनीच्या वादात काकांनी एका दमात तीन गोष्टी विचारल्या, पाकळी पडली उजवी, आणि ती नेमकी कुठल्या प्रश्नाला यावर घरात दोन वर्षं वाद.

ऑगरी म्हणजे तोच कौल आहे. पुढच्या अर्ध्या तासाचं विचारायचं आणि उत्तर काय तर भलं, बुरं, दोन्ही किंवा काहीच नाही. त्यात नंतर तुम्ही जास्तीचं स्पेल टाकलंत किंवा साथीदार वाढला-घटला तर ते धरलेलंच नसतं. एवढ्याशा उत्तरावर आमची पार्टी एका दारासमोर पाऊण तास भांडली होती, डीएम आरामात चहा पीत होता. असं स्पेल बंद कशाला करता, याच्यासारखा मित्र नाही डीएमला.

पान_नंबर_सांगा
आणि लाँग रेस्टच्या (रात्रभराच्या झोपेच्या) आत ऑगरी परत परत टाकलं तर 2014 च्या पुस्तकात पहिल्यानंतर दर वेळी 25 टक्के शक्यता वाढते की उत्तर भलतंच मिळेल, रोल डीएम गुपचूप करतो. साडेतीन एडिशनमध्ये तर पहिल्याच वेळेला पण खात्री नव्हती, खरं उत्तर मिळायची शक्यता 70 टक्के अधिक लेव्हलमागे 1, जास्तीत जास्त 90. देवाला प्रश्न विचारणाऱ्या कम्यूनला 100 एक्सपी जायचे, म्हणजे ज्यावर लेव्हल वाढते ते अनुभवाचे गुण. खरा लगाम तेव्हा होता, आता सगळं लाडावलंय.

मेस_घेतलेला_साधू
एक्सपी कापणं म्हणजे लगाम नाही, दंड आहे. सगळ्या पार्टीच्या फायद्याचं विचारायचं आणि लेव्हल एकट्या क्लेरिकची मागे पडायची. ज्याने ते काढून टाकलं त्याला नमस्कार.

शेवटच्या_रांगेतून
तुम्ही सगळे दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी करताय. भूतकाळ डीएमने लिहून ठेवलेला असतो, तो उघडला की उघडला. भविष्य डीएमला तरी कुठे माहीत असतं, अजून डाइस पडायचेत. म्हणून मला डिव्हिनेशन विझार्डचं पोर्टंट सगळ्यात हुशार वाटतं. झोपून उठल्यावर दोन डी-20 (वीस बाजूंचे डाइस) टाकून आकडे लिहून ठेवायचे आणि दिवसभरात कुणाच्याही रोलच्या जागी वापरायचे. डीएमकडून एक अक्षर माहिती घेत नाही तरी खेळणाऱ्याला वाटतं मला हे आधी दिसलं होतं. पुढचं दाखवणारी स्पेल्स अशी हवीत.

बोरिवली_फास्ट
पोर्टंट आणि हुशार? आमच्या विझार्डने सकाळी 2 टाकला आणि दिवसभर तो आकडा उराशी धरून बसला, ड्रॅगन आला की त्याच्या सेव्हिंग थ्रोवर, म्हणजे जादूपासून वाचायच्या रोलवर, ठेवून दिला. सगळ्या लढाईचा चुथडा.

शेवटच्या_रांगेतून
ड्रॅगनला लेजंडरी रेझिस्टन्स होता ना, फसलेला सेव्हिंग थ्रो पास करून घ्यायची ताकद? तो वापरायचा. त्याचा एक गेला, विझार्डचा एक गेला, फिटंफाट.

बोरिवली_फास्ट
यंग ड्रॅगन होता. त्याला नसतो.

शेवटच्या_रांगेतून
मग मरू दे की बिचाऱ्याला.

टाकलेला_वीस
ठीक आहे, लेव्हलला एकदाच वाला रूल मागे घेतो. ऑगरीला हात लावत नाही, कौलाचं पटलं. लेजंड लोअरला तसाही दर वेळी 250 गोल्डचा धूप जळतो, आमची पार्टी भिकारी आहे. पण मेलेल्याला थेट "कोणी मारलं" हे विचारणं मला अजूनही फसवणूक वाटते, त्यावर माघार नाही.

बाकी सावकाराचं प्रकरण वाचवायचा मार्ग सापडलाय. मुडदा त्याला जे माहीत तेच सांगतो ना? खोलीत अंधार होता, त्याने फक्त भावाचा आवाज ऐकला. आवाज काढणारी होती सावकाराची बायको, तिच्याकडे डिसगाइज किट आहे आणि ती नाटक मंडळीतली. रविवारी पार्टी भावाला फासावर चढवायला निघेल तेव्हा उघड करणार. आमच्यातला कोणी हे वाचत असेल तर प्लीज इथेच थांबा.

मेस_घेतलेला_साधू
उशीर झाला. आणि वाटी नव्हती, डबा होता. मीच आणलेला चिवडा.

कुडाळचो_डाइस
स्लॉट पण नाही गेला याचा 😂

टाकलेला_वीस
रविवारी लवकर ये. आपल्याला बोलायचंय.